किल्ल्यांचा जुडगा

पंढरपूरचा विठ्ठल विटेवर उभा आहे तो पुंडलिकामुळे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आईवडिलांची सेवा करत बसलेल्या भक्ताने दारात आलेल्या देवाला थांबायला सांगितलं आणि उभं राहायला वीट पुढे केली. हा झाला कथेचा उत्तरार्ध. पूर्वार्धही कीर्तनकार सांगतात, पण घरी येईपर्यंत आपण तो विसरलेले असतो. त्यात हाच पुंडलिक म्हाताऱ्या आईबापांचे हाल करणारा मुलगा आहे. काशीयात्रेला निघताना नवरा-बायको घोड्यावर बसतात आणि म्हातारा-म्हातारी मागून पायी फरफटत येतात. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडतात ते नंतर. म्हणजे मराठी मुलखातल्या सर्वांत मोठ्या वारीच्या मुळाशी आईबापांना छळणारा मुलगा आहे. ज्यांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांना आपला समाज चांगला ठाऊक होता. घरोघरी जे आपसूक घडतं, त्यासाठी देवाला युगानुयुगं तिष्ठत ठेवावं लागत नाही.

म्हातारपणाचा इतिहास लिहायला बसलं की पहिली आडवी येते ती एक लाडकी समजूत. पूर्वी वडीलधाऱ्यांना मान होता, एकत्र कुटुंब होतं, घरात शब्द खाली पडत नव्हता. आता सगळं बिघडलं. वृद्धाश्रमाच्या उद्घाटनापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हे वाक्य कुठेही ऐकायला मिळतं. गंमत अशी की हे ‘पूर्वी’ शोधायला जावं तसतसं ते मागे सरकत जातं. आजोबांच्या काळात जावं तर तिथले लोक पणजोबांच्या काळाकडे बोट दाखवतात. असं करत करत माणूस तीन हजार वर्षं मागे जातो आणि तिथेही एक म्हातारी बाई मुलं विचारत नाहीत म्हणून पंचांपुढे उभी असलेली दिसते.

ही बाई खरी आहे. तिचं नाव नौनख्ते. इजिप्तमध्ये आजच्या लक्झर शहरासमोर, नाईलच्या पश्चिमेला, फारोंची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं. इसवी सनपूर्व ११४५च्या सुमारास नौनख्तेने गावच्या न्यायसभेपुढे आपलं मृत्युपत्र नोंदवलं. आठ मुलांना मी वाढवलं, त्यांचे संसार मांडून दिले. आता मी म्हातारी झाले तर त्यातली काही माझ्याकडे बघत नाहीत, असं तिने सांगितलं. ज्यांनी हात दिला त्यांना तिच्या मालमत्तेत वाटा. ज्यांनी दिला नाही त्यांना काही नाही. एका मुलाला भावंडांपेक्षा जास्तीचं म्हणून ब्राँझचं एक भांडं. तो पपायरस आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. तो वाचताना आपण एखाद्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसलो आहोत असं वाटत राहतं.

या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर ते नौनख्तेने आधीच सांगून ठेवलं आहे. म्हाताऱ्या माणसाला मिळणारा मान वयाला कधीच मिळत नव्हता. तो त्याच्या हातात काय आहे त्याला मिळत होता. जमीन, घर, वतन, दागिने, धंद्यातलं कसब, गावाच्या शिवेची आठवण, यांतलं काहीतरी हातात असेल तोवर मान. ते सुटलं की माणूस घराच्या एका कोपऱ्यात. प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. प्रेम होतं, आहे. पण निव्वळ प्रेमावर विसंबावं असं जुन्या लोकांना वाटत नव्हतं, आणि जिथे लिहिता येत होतं तिथे त्यांनी ते लिहून घेतलं.

किती काळजीपूर्वक लिहून घेतलं त्याचे नमुने जगभर आहेत. इराकमध्ये किर्कूकजवळ नूझी नावाचं प्राचीन गाव होतं. इसवी सनपूर्व पंधराव्या-चौदाव्या शतकांतल्या तिथल्या मातीच्या पाट्यांवर दत्तकाचे करार आहेत. मूलबाळ नसलेला माणूस एखाद्या प्रौढ इसमाला दत्तक घेतो. त्याने म्हाताऱ्याला जिवंत आहे तोवर अन्नवस्त्र द्यायचं, मेल्यावर शोक करायचा आणि रीतसर मूठमाती द्यायची. बदल्यात जमीन त्याची. पुढे पोटचा मुलगा झालाच तर वाटण्या कशा फिरतील तेही लिहिलेलं. जेरुसलेममधला बेन सिरा हा पंडित इसवी सनपूर्व १८०च्या सुमारास आपल्या शिष्यांना बजावतो की जिवात जीव आहे तोवर मुलगा, बायको, भाऊ, मित्र, कोणाच्याही हाती आपली मालमत्ता देऊ नका. वाटण्या करायच्या त्या शेवटच्या दिवशी.

आपल्याकडचा दाखला त्याहून बोलका आहे. संयुत्तनिकायात श्रावस्तीच्या एका सधन ब्राह्मणाची गोष्ट येते. तो फाटक्या वस्त्रात बुद्धाकडे येतो. चार मुलांनी आणि सुनांनी मिळून त्याला घराबाहेर काढलेलं असतं. पुढच्या टीकाकारांनी त्याची पूर्वपीठिकाही दिली आहे: त्याने हयातीतच सगळं मुलांना वाटून टाकलं होतं. बुद्ध त्याला वैराग्याचा उपदेश करत नाही, कर्माचा सिद्धांतही सांगत नाही. तो त्याला काही गाथा शिकवतो आणि भरसभेत, मुलं समोर बसलेली असताना, त्या म्हणायला सांगतो. आपल्या मुलांपेक्षा हातातली काठी बरी, ती कुत्र्याला हाकलते, अंधारात वाट चाचपते, असा त्यांचा आशय. लाजेने काळवंडलेली मुलं बापाला घरी नेतात, आंघोळ घालतात, नवी वस्त्रं देतात. मालमत्ता हातातून गेल्यावर उरलेलं एकच हत्यार म्हणजे लोकलाज, हे बुद्धाने बरोबर ओळखलं होतं. आजही गावाकडे चावडीवर बसून मोठ्याने रडणारी म्हातारी तेच हत्यार वापरते. शहरातल्या बंद दारांच्या इमारतीत ते चालत नाही.

वैदिक वाङ्मयातली नाभानेदिष्ठाची कथाही याच रांगेतली. हा मनूचा मुलगा गुरुगृही शिकत असताना इकडे वाटण्या होऊन जातात. तैत्तिरीय संहितेत वाटण्या मनू करतो. ऐतरेय ब्राह्मणात त्याचे भाऊ करतात. दोन्हींत बाप जिवंत आहे. ऐतरेयात तर परत आलेल्या मुलाला द्यायला मनूच्या हातात यज्ञातली एक युक्ती तेवढी उरलेली असते. महामहोपाध्याय काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या कथेचा परामर्श घेतला आहे तो वारसाहक्काच्या अंगाने. म्हाताऱ्याच्या अंगाने ती वाचली तर वेगळीच दिसते. आणि शतपथ ब्राह्मणात जख्ख म्हातारा च्यवन ऋषी वाटेत दिसतो तेव्हा शर्याताची पोरं त्याला ढेकळं मारतात. ‘पूर्वीच्या’ काळी पोरं अशीही होती. आज च्यवनाचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते बाटलीवरच्या लेबलामुळे.

मग वानप्रस्थाचं काय, असं विचारलं जाईल. अंगावर सुरकुत्या, केस पांढरे आणि नातवाचं तोंड दिसलं की गृहस्थाने रानात जावं, असं मनुस्मृती सांगते. मला यात अध्यात्मापेक्षा घरगुती राजकारण जास्त दिसतं. नातू झाला म्हणजे मुलगा कर्ता झाला. एका घरात दोन कर्ते नांदत नाहीत. तेव्हा जुन्याने वाट मोकळी करावी. प्रत्यक्षात किती जण रानात गेले ते सांगणं अवघड आहे, पण पुढच्या धर्मशास्त्रकारांनी कलियुगात वर्ज्य म्हणून ज्या गोष्टींची यादी केली तिच्यात वानप्रस्थाश्रमही घातला. रान असं कागदोपत्री बंद झालं. उरली काशी, उरलं पंढरपूर, आणि बहुतेकांसाठी ओसरीवरची बाज.

रानात न गेलेल्या म्हाताऱ्यांचं काय होतं याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच मातीत आहे. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ वारला तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. त्याच्यामागे गादीवर आलेला मुअज्जम ६३ वर्षांचा. मुलाचं उभं आयुष्य बापाच्या मरणाची वाट बघण्यात गेलं; मधली काही वर्षं बापाच्याच कैदेत. ज्या बापाने हे केलं त्याने स्वतः शाहजहानला आठ वर्षं आग्र्याच्या किल्ल्यात कोंडलं होतं, त्यामुळे तख्त सोडलेल्या म्हाताऱ्याचं काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? ययातीची कथा मुलाचं तारुण्य मागणाऱ्या बापाची आहे. खांडेकरांनी १९५९ साली ती कादंबरीत आणली तेव्हा वाचकांनी तिच्यात भोगलालसा वाचली. मला तिच्यात मुअज्जमही दिसतो.

कायद्याने हा प्रश्न कसा हाताळला ते पाहणं मनोरंजक आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा संबंध थेट येतो. बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क, हे तिचं सूत्र. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या दायभागाने उलट मत मांडलं: बाप आहे तोवर सगळं बापाचं, मुलाचा हक्क त्याच्या मरणानंतर. म्हणजे नागपूरचा म्हातारा आणि नदियाचा म्हातारा एकाच देवाची पूजा करत असले, तरी घरातल्या त्यांच्या बसण्याच्या जागेत फरक होता. मिताक्षरेच्या मुलखात बाप हा मालकापेक्षा कारभारी अधिक होता. रोममध्ये बापाची सत्ता त्याच्या मरणापर्यंत अबाधित असे, आणि सिसरोने इसवी सनपूर्व ४४ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, म्हातारपणाची तरफदारी करणारा ग्रंथ लिहिला तो अशा जगात बसून. म्हातारपण सुखाचं असू शकतं हे त्याचं म्हणणं खरं आहे, पण ग्रंथात ते ज्याच्या तोंडी घातलं आहे तो थोरला केटो जमीनजुमल्याचा मालक आहे हे विसरून चालत नाही. त्याच ग्रंथात ग्रीक नाटककार सोफोक्लिसची गोष्ट येते. मिळकतीकडे दुर्लक्ष करतो म्हणून मुलांनी त्याला वेडा ठरवण्यासाठी कोर्टात खेचलं, आणि त्याने नुकतंच लिहिलेलं नाटक न्यायाधीशांना वाचून दाखवून आपण शहाणे असल्याचं सिद्ध केलं. भांडण तिथेही मिळकतीचंच.

मध्ययुगीन युरोपातल्या शेतकऱ्यांनी यावर जो तोडगा काढला त्याच्यावर या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, कारण मला तो अतिशय आवडतो. इंग्लंडच्या तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या जहागिरीच्या दप्तरांत असे करार सापडतात: बाप जमीन मुलाच्या किंवा एखाद्या परक्याच्याही नावे करतो, आणि बदल्यात वर्षाला गहू किती, जव किती, सरपण किती, निजायची खोली कोणती, शेकोटीजवळ बसण्याचा हक्क, परसातल्या बागेत जाण्याची वाट, हे सगळं नोंदवून घेतो. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे आणि नॉर्वेतही याच धर्तीची पद्धत रुजली. शेतावर म्हाताऱ्यांसाठी वेगळं छोटं घरच असे. जपानमध्ये घरचा कर्ता हयातीतच पदावरून पायउतार होई, त्याला इंक्यो म्हणत. १८९८च्या मेइजी संहितेने त्यासाठी साठ वर्षांची अट घातली. शेकोटीजवळची जागा करारात लिहावी लागते, यावरून काहींना त्या समाजाची कीव येते. मला ते लोक समजूतदार वाटतात. आपल्याकडे सगळं ‘घरातच आहे’ म्हणून सोडून दिलं जातं आणि मग चहा दुसऱ्यांदा मागायचा की नाही, यावर म्हातारा माणूस दुपारभर विचार करत बसतो.

न लिहिता देऊन टाकलं तर काय होतं, ते १६०६च्या डिसेंबरात इंग्लंडच्या राजासमोर झालेल्या एका नाटकात दिसलं. लिअर राजाने राज्य वाटलं, शंभर स्वार आणि राजा ही पदवी तेवढी स्वतःकडे ठेवली. मुलींनी स्वारांची संख्या घासाघीस करत शून्यावर आणली. त्याच्या छायेत वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेलं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं. अप्पा बेलवलकर सगळी पुंजी मुलाला आणि मुलीला देऊन मोकळे होतात. हे नाटक पाहून मराठी मध्यमवर्ग इतकी वर्षं रडत आला आहे, पण त्या रडण्यात ‘मुलं किती वाईट’ हेच जास्त असतं. शिरवाडकरांनी मुलं तितकी वाईट रंगवलेली नाहीत. त्यांनी एक घर रंगवलं आहे, ज्यात एका माणसाची जागा कशावर टिकून होती ते त्याला स्वतःला कळलेलं नव्हतं.

आता मिळकतीखेरीजच्या एका धनाबद्दल, ज्याच्याकडे इतिहासकारांनी पुरेसं लक्ष दिलेलं नाही: आठवण. शिवकाळात आणि पेशवाईत दोन गावांत शिवेचा वाद लागला की गोतसभा भरे, महजर होई, आणि गावोगावचे म्हातारे साक्षीला बोलावले जात. ओढा पूर्वी कुठून वाहत होता, धोंडा कोणी रोवला, आंब्याच्या झाडापलीकडे गुरं कोणाची चरत, हे ज्याला आठवतं त्याच्या शब्दाला किंमत होती. यात महारांच्या साक्षीला विशेष वजन असे, कारण शीव राखण्याचं काम त्यांचं. एरवी ज्या म्हाताऱ्याला वाड्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं, त्याच्या तोंडाकडे त्या दिवशी पाटील-कुलकर्णी बघत बसत. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन इंग्रज अधिकारी इंदापूर तालुक्यात साखळ्या घेऊन आले. शेताला नंबर पडला, दगड बसले, नकाशा निघाला. पुढच्या काही दशकांत मुंबई इलाख्यातल्या गावागावांत हेच झालं. शिवेच्या वादात म्हाताऱ्याला विचारण्याची गरज उरली नाही. तलाठ्याकडून उतारा काढला की झालं. म्हाताऱ्यांचा मान इंग्रजी शिक्षणाने गेला असं म्हणणाऱ्यांनी मोजणीच्या या साखळीकडेही एकदा पाहावं.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या काळी सरासरी आयुर्मान पंचवीस-तीस वर्षं होतं, म्हणून म्हातारी माणसं नव्हतीच, असं अनेकदा ऐकू येतं. सरासरी खाली ओढत होते ते बालमृत्यू. जो बालपणातून तगला त्याची साठी गाठण्याची शक्यता बरी होती. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये साठीपुढची माणसं लोकसंख्येच्या सात ते दहा टक्क्यांच्या दरम्यान होती. भारतात २०११च्या जनगणनेत हे प्रमाण ८.६ टक्के होतं. नवी आहे ती संख्या. १९५१ साली देशात साठीपुढचे सुमारे दोन कोटी होते, २०११ साली १० कोटी ३८ लाख. महाराष्ट्रात त्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त, गोव्यात त्याहून जास्त, केरळात सर्वांत जास्त. नवी आहे ती आणखी एक गोष्ट: सत्तरीतला मुलगा आणि पंचाण्णव वर्षांची आई एकाच घरात, दोघांच्या गोळ्यांचे डबे शेजारी-शेजारी. याला इतिहासात फारसा पूर्वदाखला नाही, आणि याबद्दल धर्मशास्त्र, कीर्तन, कायदा, कोणीच काही सांगून ठेवलेलं नाही.

आतापर्यंत मी ‘म्हातारा’ म्हणत आलो, कारण बहुतेक कागदांत तोच आहे. म्हातारीचं प्रकरण वेगळं. नवरा हयात असेपर्यंत किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला. तो वारला की तो जुडगा सुनेकडे आणि सासूच्या अंगावर आलवण. एकत्र कुटुंबातल्या विधवेचा हक्क अन्नवस्त्रापुरता होता. १९३७च्या कायद्याने तिला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता हिस्सा दिला आणि १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने पुरी मालकी. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेला आश्रम तरुण विधवांसाठी होता, आणि ते योग्यच होतं. पण जिचं शिकण्याचं वय गेलं होतं तिच्याकडे सुधारकांचंही लक्ष गेलं नाही. ती सोवळ्यात स्वयंपाक करत राहिली, आणि तिच्या त्या फुकटच्या कामावर उभ्या असलेल्या घराला आपण ‘एकत्र कुटुंबाचं सुख’ म्हणत आलो. (स्वतः अण्णासाहेब १०४ वर्षं जगले, आणि शेवटपर्यंत त्यांना मान मिळाला. पण त्यांच्या हातात संस्था होती.) आज भारतात साठीपुढच्या बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत, आणि त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या नावावर घर आहे.

ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांचं काय, हा प्रश्न उरतो, आणि खरं तर जगातल्या बहुतेक म्हाताऱ्यांचा प्रश्न हाच होता. इंग्लंडने १६०१च्या कायद्याने त्यांना गावकीच्या गळ्यात बांधलं, १८३४ नंतर गरीबखान्यांत कोंडलं. तिथे पन्नास वर्षं संसार केलेल्या नवरा-बायकोंना वेगवेगळ्या भागांत ठेवत. साठीपुढच्या जोडप्यांना एकत्र खोली मागण्याची मुभा मिळाली ती १८४७ साली. पुण्याच्या नव्या पेठेतला ‘निवारा’ हा १८६०च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिलेला आश्रम अजून चालू आहे, म्हणजे वृद्धाश्रम ही अमेरिकेला गेलेल्या मुलांमुळे आलेली गोष्ट आहे, हेही तितकंसं खरं नाही.

बदल झाला तो पेन्शनने. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली म्हातारपणाचा विमा आणला. त्याने ६५ हे वय ठरवलं असं जगभर छापून येतं. प्रत्यक्षात त्या कायद्यातलं वय ७० होतं, ६५ झालं ते १९१६ साली. ब्रिटनने १९०८ साली कायदा केला आणि १ जानेवारी १९०९पासून सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग पोस्टात मिळू लागले. त्यासाठी एक पैसाही आधी भरावा लागत नव्हता. फ्लोरा थॉम्पसन या लेखिकेने ऑक्सफर्डशायरमधल्या पोस्टातला देखावा लिहून ठेवला आहे. म्हातारी माणसं अर्थमंत्री लॉइड जॉर्जला ‘लॉर्ड जॉर्ज’ समजून दुवा देत, आणि पैसे हातावर ठेवणाऱ्या पोस्टातल्या मुलींसाठी फुलं नि सफरचंदं आणत. पाच शिलिंगांत कोणाचंच भागत नव्हतं. पण घरात चार पैसे आणणारी म्हातारी ही घराला हवीशी वाटू लागली. मुलाच्या घरी राहणाऱ्या आईला पेन्शन मिळू लागल्याने माया आटली नाही, वाढली, असं इंग्लंडच्या इतिहासकारांना दिसलं आहे. सरकारने पैसे दिले तर मुलं जबाबदारी झटकतील, ही भीती तिथेही घातली गेली होती.

महाराष्ट्रातला पहिला नामांकित पेन्शनर म्हणजे दुसरा बाजीराव. १८१८ साली त्रेचाळिसाव्या वर्षी त्याला सालीना आठ लाखांवर बिठूरला पाठवलं. म्हातारा होऊन लवकर मरेल या हिशेबाने दिलेली ही रक्कम कंपनीला तेहतीस वर्षं द्यावी लागली, आणि त्याच्या मरणानंतर नानासाहेबाला ती नाकारण्यात कंपनीने अजिबात वेळ घालवला नाही. त्यानंतर इंग्रजी कचेऱ्यांतले कारकून, मास्तर, मामलेदार निवृत्त होऊन पुण्याच्या पेठांत स्थायिक झाले आणि पुणं हे पेन्शनरांचं गाव झालं. सकाळची पर्वती, दुपारचा पेपर, संध्याकाळचं व्याख्यान हा दिनक्रम कोणत्या संस्कृतीतून आला यावर आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं. तो महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पेन्शनीतून आला हे कमी लिहिलं गेलं. त्याच काळात गिरणगावातला कामगार मात्र खोकला लागला की खोली मुलाच्या किंवा गाववाल्याच्या हवाली करून कोकणात परतत होता. ज्या मुलुखाला त्याने उभा जन्म मनीऑर्डरी पाठवल्या, तिथे आता तो स्वतःच दुसऱ्याच्या मनीऑर्डरीची वाट बघत बसे. प्रॉव्हिडंट फंड आला १९५२ साली. १९८२च्या संपानंतर अनेकांची तीही पुंजी विस्कटली.

१७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. हा हक्क १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या स्वरूपात उरला नाही, आणि मार्च २०२३मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले. तेव्हा वर्तमानपत्रांनी तिजोरीवरचा बोजा मोजला, तो मोजलाच पाहिजे. पण त्या मोर्चातल्या तिशी-पस्तिशीच्या शिक्षिका आपल्या म्हातारपणासाठी भांडत होत्या, आणि मुलं सांभाळतील हे त्यांतल्या एकीनेही गृहीत धरलेलं नव्हतं.

ज्यांना नोकरी म्हणतात ती कधी मिळालीच नाही, त्यांच्यासाठी केंद्राने १५ ऑगस्ट १९९५पासून महिना ७५ रुपये द्यायला सुरुवात केली. आता केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला २०० रुपये आहे, ऐंशीपुढे ५००. महाराष्ट्राच्या योजनेचं नाव श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. वर्षाला २१ हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या पासष्टीपुढच्यांना तिच्यातून २०२३पासून दीड हजार मिळू लागले. नाव ठेवणाऱ्याला मात्र दाद दिली पाहिजे. वाल्मीकींच्या रामायणात त्या मुलाला नावही नाही, कावडही नाही. ती पुढच्या काळातल्या सांगणाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर दिली. आता ती सरकारने घेतली आहे.

आणि मग २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा. महिना दहा हजारांपर्यंत पोटगी, प्रांताधिकाऱ्यांपुढे सुनावणी, म्हाताऱ्याला टाकून दिलं तर तीन महिन्यांची कैद. पण माझ्या मते या कायद्याचा प्राण त्याच्या तेविसाव्या कलमात आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिलं आणि मुलाने सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येतं. अट कागदावर स्पष्ट लिहिलेलीच हवी का, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षं खल झाला. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूने, सढळपणे लावावा असं सांगितलं. शेकोटीजवळची जागा लिहून घेणारा तो इंग्लिश शेतकरी, पाटीवर शोकाचीही अट घालणारा नूझीचा निपुत्रिक, ब्राँझच्या भांड्याची नोंद करणारी नौनख्ते, या सगळ्यांना हे कलम न समजावता समजलं असतं. आपल्याकडे ते वापरायला माणसं लाजतात. पोराविरुद्ध अर्ज कसा करायचा?

या पुस्तकाच्या साधनांबद्दल एक इशारा दिला पाहिजे. कागद होतात ते बिनसल्यावर. ज्या घरात नातीने आजीची वेणी घातली, सुनेने भाकरी दुधात कुस्करून दिली आणि सगळं सुरळीत पार पडलं, त्या घराने दप्तरात काहीच ठेवलं नाही. म्हणून करार, खटले आणि मृत्युपत्रं वाचून काढलेलं चित्र वास्तवापेक्षा कडवट निघतं. हे लक्षात ठेवूनही मी ते तसंच ठेवलं आहे, कारण गोड चित्रं आपल्याकडे मुबलक आहेत. औषधोपचारांचा इतिहास मी जेमतेम वीस पानांत उरकला आहे. तो ज्यांचा विषय आहे त्यांनी लिहावा. परदेशी मुलं आणि इथले आईबाप यांवर प्रकरण नाही, त्यावर दिवाळी अंकांनी काही बाकी ठेवलेलं नाही. ऊसतोड कामगारांच्या तांड्यामागे गावात उरणाऱ्या म्हाताऱ्यांवर मात्र आहे, कारण दिवाळी संपली की ते गावच त्यांच्या हवाली होतं, नातवंडांसकट.

प्रकरणं क्रमाने वाचली पाहिजेत असं नाही. इतिहासाचा कंटाळा असणाऱ्याने थेट २००७च्या कायद्यावरचं प्रकरण काढलं तरी चालेल. अर्जाचा नमुना त्यात दिलेला नाही. तो प्रांत कचेरीत मिळतो, आणि तो भरायला वकील लागत नाही.